तेवीस दिवस

प्रणवने पुढची स्लाइड लावली. समोरचा म्हातारा सर्जन ऐकतोय की डुलक्या काढतोय, हे बघायचीही तसदी त्याने घेतली नाही. गाढवापुढे गीता वाचायचीच, तर निदान भराभर वाचून मोकळं व्हावं. संध्याकाळचं विमान होतं.

एडिनबराच्या या हॉस्पिटलने त्याच्या कंपनीला एक साधा प्रश्न विचारला होता. हृदयाची झडप दुरुस्त करायची, तर छातीचं हाड कापून करायची की बरगड्यांच्या फटीतून, छोट्या छेदाने? त्याने दोन्हींकडचे तीस-तीस रुग्ण तपासले. सगळे सारखेच बरे झाले होते. छोट्या छेदाची उपकरणं महाग होती. पण त्यात रुग्ण सरासरी अर्धा दिवस लवकर घरी जात होता आणि त्या अर्ध्या दिवसातच उपकरणांची किंमत वसूल होत होती. झालं! छाती फाडणं बंद करा. पण हे सर्जन लोक! आयुष्यभर करवत चालवली, आता हातातून सुटत नाही. जुनं ते सोनं म्हणायचं, आणि सोन्याचा भाव विचारला की खिडकीबाहेर बघायचं.

हा अहवाल मंजूर झाला की प्रणव डायरेक्टर होणार होता. मिल्टन कीन्सच्या ऑफिसात त्याची केबिनसुद्धा ठरली होती.

"आता ही एकोणिसावी ओळ बघा," तो म्हणाला. "मार्च महिना. पुरुष, वय सत्त्याहत्तर. छाती उघडून ऑपरेशन. तेवीस दिवस बेड अडवून बसले! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

दोघं-तिघं हसले. प्रणवही हसला. ती ओळ कुणाची, हे त्याने महिना आणि वय पाहूनच ओळखलं होतं. ते त्याचे बाबा. मुरलीधरराव इथून दोन मैलांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. ऑपरेशनआधीच प्रणवने त्यांना सांगून ठेवलं होतं, की या महिन्यात रजा मिळणं कठीण आहे. मग बाबा रोज फोनवर सांगायचे, "डॉक्टर अजून सोडत नाहीत रे." प्रणवला त्या डॉक्टरांची किळस यायची. आठवड्याभराचं काम, तीन आठवडे घोळ घालतात! त्याचा सगळा तिरस्कार तिथूनच सुरू झाला होता. आज एडिनबराला आल्याचं मात्र त्याने बाबांना कळवलं नव्हतं. कळवलं असतं, तर जेवायला थांब म्हणाले असते.

"मला या ओळीबद्दल बोलायचंय."

टेबलाच्या टोकाला वॉर्डची सिस्टर बसली होती. बिल्ल्यावर नाव होतं, आश्लेषा. आपल्याकडचीच दिसते, प्रणवच्या मनात आलं. म्हणजे आता भावनांचा पूर येणार. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"हे पेशंट सहाव्या दिवशी फिट होते," ती म्हणाली. "डिस्चार्जचे पेपर मीच तयार केले होते. पण पहिले काही आठवडे त्यांना भरलेली किटलीही उचलायची नव्हती. घरी कुणीतरी हवं होतं. मुलाला फोन करू का विचारलं, तर करू देईनात. रोज सकाळी कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसायचे. शेवटी तेविसाव्या दिवशी नगरपालिकेने घरी मदतीला बाई दिली, तेव्हा घरी गेले."

आता कुणी हसलं नाही. म्हातारा सर्जन पेन्सिल काढून अहवालाच्या कडेला काहीतरी मांडू लागला.

आश्लेषाने सरळ प्रणवकडे पाहिलं आणि पुढचं ती मराठीत बोलली.

"काका आम्हाला म्हणायचे, 'सिस्टर, मुलाचा फोन आला तर डॉक्टर सोडत नाहीत म्हणून सांगा. त्याला उगाच अपराधी वाटायला नको.' तुमचा फोटोही दाखवायचे. रोज."

प्रणवने रिमोट खाली ठेवला. किळस पुन्हा आली होती. या वेळी ती डॉक्टरांची नव्हती.

सर्जनने पेन्सिल थांबवली. मराठीतलं त्याला काहीच कळलं नव्हतं.

"तिसांच्या सरासरीतून सहाव्या दिवसानंतरचे हे सतरा दिवस काढले, तर तुमचा अर्धा दिवस उरतच नाही," तो म्हणाला. मग चष्म्यावरून बघत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "या सतरा दिवसांचा खर्च माझ्या करवतीचा नव्हता, हे कळलं. मग तो कुणाच्या नावावर टाकायचा?"