शंभर दाणे

माणिकबाईंनी चौथ्यांदा बशी भरून घेतली. तीन थरांचा चॉकलेटचा केक, शेजारी वाटीत हलणारं काहीतरी काळं, काळ्या वड्या, आणि मधोमध एका यंत्रातून कारंज्यासारखं सतत उतरणारं पातळ चॉकलेट. बाहेर अकोल्याचं मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. हॉटेलात मात्र इतका गारवा की गावाकडून आलेली माणसं काखेत हात घालून उभी होती.

"बापू, याच्यात मीठ नाही ना?" त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं.

"नाही माय. चवथ्यांदा इचारून राहिल्या तुमी."

"इचारलेलं बरं."

सकाळी वलगावहून बियाण्याच्या कंपनीची बस निघाली तेव्हापासून माणिकबाईंनी मिठाचा कण तोंडात घेतला नव्हता. मूर्तिजापूरला कंपनीने सगळ्यांना आलूबोंडे दिले, यांनी हात जोडले. हॉटेलात वरण, भाजी, पुरी, कशालाच हात लावला नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही, ही रीत त्यांच्या माहेरचीही होती आणि सासरचीही. आणि आज त्यांना तोंड उघडायचं होतं. गोडाला अशी काही अट नव्हती, म्हणून त्या सूड उगवल्यासारख्या खात होत्या. उगवल्यासारख्या कशाला, त्याच कामासाठी तर आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वावरात या कंपनीचं सोयाबीन कमरेला लागलं होतं. कंपनीने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फलक लावला, त्यावर त्यांचा हसरा फोटो. पुढच्या वर्षी गावातल्या चाळीस घरांनी तो फोटो पाहून, वर त्यांना घरी येऊन विचारून, तेच बियाणं पेरलं. पाचातला एखादा दाणा उगवला, बाकीचे मातीतच कुजले. कंपनीने पावसाकडे बोट दाखवून हात झटकले. दरवर्षी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघणाऱ्या माणिकबाईंनी नेमकी त्याच वर्षी ती बघितली नव्हती. चकचकीत पिशवीला भुलल्या होत्या. याचा राग त्यांना स्वतःचाही होता.

गावाने त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही. पण शेजारच्या वावरातला गयासुद्दीन, जो वीस वर्षं धुऱ्यावरून "काय भाभी, चाय झाली का?" असं ओरडायचा, तो मान खाली घालून जाऊ लागला. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्षभर त्या गप्प राहिल्या, म्हणून कंपनीला त्या आपल्याच वाटल्या. यंदा नवं नाव आणि नवी पिशवी घेऊन नवं बियाणं आलं होतं, आणि आजचा हॉटेलातला कार्यक्रम त्याचाच होता. कंपनीचा विभागाचा मोठा साहेब, नितेश, आठ दिवसांपूर्वी स्वतः घरी एक पिशवी ठेवून गेला होता. स्टेजवर हातात धरून फोटो काढायला म्हणून. साहेबाची गाडी वळणाआड गेली आणि माणिकबाईंनी पिशवीची शिवण उसवली.

"आता आपल्या आदर्श शेतकरी भगिनी, माणिकबाई!" साहेबाने माइकवरून पुकारलं.

माणिकबाई उठल्या. बशी त्यांनी सोडली नाही. एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात कापडी थैली घेऊन त्या स्टेजवर चढल्या. थैलीतून त्यांनी सुतळीने बांधलेली ओल्या गोणपाटाची गुंडाळी काढली आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर सोडली. मातकट पाणी फुलदाणीपर्यंत ओघळलं.

"साहेब, तुमच्याच पिशवीतले शंभर दाणे हायेत. सहा दिवस पाणी शिंपडलं. किती उगवले ते तुमी मोजा. शिकलेले आहा तुमी."

साहेबाने माइकवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, अहो आमचं खाऊन आमच्यावरच?"

"तुमचं मीठ नाही खाल्लं मी. त्या वाढणाऱ्याले इचारा."

"हे आपण नंतर बघू. आता कार्यक्रम..."

सभागृहात मागच्या बाजूला खुर्ची सरकली. गयासुद्दीन उभा राहिला होता.

"मोजा साहेब! माइकवर मोजा. भाभीनं सांगतलं ना मोजाले?"

वर्षानंतर 'भाभी' हा शब्द कानावर पडला. माणिकबाईंनी केकचा मोठा घास तोंडात घातला. आज रडायला सवड नव्हती.

"मोजा!" दुसरा कोणी म्हणाला. मग चहूकडून सुरू झालं. दोनशे माणसं होती. साहेबाने दाराकडे पाहिलं, तिथेही माणसंच होती. शेवटी त्याने कपाळ पुसलं आणि गोणपाटावर वाकला.

"एक," तो म्हणाला.

"एक!" सभागृह म्हणालं.

"दोन."

"दोन!"

फोटो काढायला आलेल्याने कॅमेरा खाली घेतला नाही. माणिकबाई बाजूला उभ्या राहून एकेक वडी खात होत्या. गेल्या वर्षापासून इतकं गोड त्यांना काही लागलं नव्हतं. पंधरापर्यंत साहेबाचा आवाज बरा होता. अठरानंतर तो एकेका मोडासाठी गोणपाट चाचपू लागला. एकवीस. बावीस. पुढचे दाणे नुसते फुगून पडले होते, बोट लागलं की फुटत होते, आणि त्यांचा कुजका वास चॉकलेटच्या वासात मिसळत होता.

साहेब थांबला. सभागृहही थांबलं.

माणिकबाईंनी चमचा चाटून बशीत ठेवला आणि माइक आपल्याकडे ओढला.

"थांबले काहून साहेब? आमच्या चाळीस घरच्या वावरात बी इथंच थांबलं होतं."