हललेले फोटो

"अर्धं बटण दाबायचं, बाबा. पूर्ण नाही. हिरवी चौकट दिसली की मग पूर्ण."

मितेशने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि धर्मराजांनी तिसऱ्यांदा बटण थेट तळापर्यंत दाबलं. तरुणपणी मिठागरात मीठ ओढलेली बोटं ती. त्यांना अर्धं काही माहीत नव्हतं.

कॅमेरा मुठीत मावेल एवढा, पण अंगात नाना कळा. वरच्या चकतीवर आठ खुणा, मागे सात बटणं, आणि सोबतची पुस्तिका सोळा भाषांत. मराठी त्यात नव्हती. शिरवण्याच्या गावमंडळाने गावातल्या धवलारणींवर पुस्तक काढायचं ठरवलं होतं. लग्नात धवले गाणाऱ्या, विधी लावणाऱ्या या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. धर्मराजांच्या विमलबाई त्यांतल्याच एक. "बायकोचा फोटो मीच काढनार," असं धर्मराज भर बैठकीत बोलून बसले आणि पोराने वाशीहून कॅमेरा आणला. मंडळाच्या मधुकरची एकच अट होती. हातातल्या ताटातला दिवा स्पष्ट दिसला पाहिजे, आणि फोटो रविवारपर्यंत हवा.

"ताट जरा वर धर गो."

"पाटावर ठेवते की. मी बाजूला बसते," विमलबाई म्हणाल्या.

"पाटावर कशाला? धवलारीन ताट हातात धरते. लोकं हसतील."

फोटो निघाला. धर्मराजांनी चक्र फिरवून ताट मोठं करून पाहिलं. दिव्याच्या ज्योतीचा नुसता फराटा झाला होता.

मितेश कामावर निघाला होता. एका पायात बूट घालूनच त्याने डोकावलं. "कॅमेरा हलला, बाबा. बाहेर उजेड असतो, तिथे चालून जातं. घरात शटर जास्त वेळ उघडं राहतं ना, मग जरा हात हलला की गेलं. टेन्शन नका घेऊ, जमेल."

तो तळोज्याला निघून गेला. धर्मराज मात्र सोफ्यावर बसून आपल्या हाताकडे बघत राहिले.

त्यांच्या घराण्यात कंपवात होता. वडील त्यानेच गेले, धाकटा भाऊ पंढरीही. पंढरीचं सुरू झालं ते वरणाच्या चमच्यापासून, आणि शेवटची चार वर्षं तो खाटेवर होता. त्याला घास भरवला तो विमलबाईंनी. त्यांच्या माहेरी सगळे ठणठणीत, नव्वदीतही विहिरीचं पाणी ओढणारे. हे दुखणं धर्मराजांच्याच रक्तातलं, असं गाव म्हणायचं. गाव कशाला, धर्मराज स्वतःच म्हणायचे.

पुढचे तीन दिवस त्यांनी कॅमेरा हातातून सोडला नाही. ओट्यावरून देवळाचा कळस काढला, तो लख्ख. जास्वंदीचं फूल लख्ख. घरात येऊन विमलबाईंना ताट धरायला लावलं, की दिवा धूसर. कोपरं छातीशी आवळून पाहिली, भिंतीला पाठ लावली, श्वास रोखला. उपयोग शून्य.

मग त्यांनी काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून घरभर फिरायला सुरुवात केली. थेंब सांडत नव्हता. पण पंढरीचंही आधी काही सांडत नव्हतं.

"काय चाललंय हे?" विमलबाईंनी विचारलं.

"काय नाय. व्यायाम."

जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. कडा जाड होत्या. "हल्ली भाकऱ्या सूनच थापते वाटतं?"

"शिकू दे भाविकाला. मी काय जन्मभर पुरनार हाय?"

एरवी त्यांनी यावर काहीतरी टोला हाणला असता. आज सगळं लक्ष हाताकडे. हातातलं वरण सांडेल या धास्तीने ते नुसती कोरडी भाकरी खात होते. शेवटी न राहवून बोलले, "विमल, मला भरवायची पाली तुज्यावर आली तर?"

"गप बसा. तुमाला काय नाय जालंय."

"तुला काय म्हाईत?"

"हाय म्हाईत," असं म्हणून त्या उठल्याच.

शनिवारी दुपारी मितेश तिपाई घेऊन आला. तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि बाजूला व्हायचं. कुणाचा हात लागायलाच नको.

"आनि हे कशाला? मोबाइलवर काढ ना सरल," विमलबाई म्हणाल्या.

"आई, आता आणलंय तर एकदा बघू."

धर्मराजांना घाम फुटला. आता सोक्षमोक्ष होता. दिवा स्पष्ट आला, तर इतके दिवस हलत होता तो आपलाच हात. फोटो चांगला येऊ नये म्हणून देवाला हात जोडणारा जगात ते पहिलेच फोटोवाले असतील, पण त्यांनी मनातल्या मनात खरंच हात जोडले.

विमलबाई भिंतीशी ताट घेऊन बसल्या. ओठ घट्ट मिटलेले. धर्मराजांनी बटण दाबलं, दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. टीक, टीक, टीक. खट्.

त्यांनी झडप घातली. चक्र फिरवलं, ताट मोठं केलं.

दिवा धूसर होता.

"माजा हात नाय!" ते जवळजवळ नाचलेच. "विमल, बग! मी हातबी लावला नव्हता! माजा हात चांगला हाय, ही मशीनच बिघडलीय!"

"बघू," म्हणून मितेशने मान पुढे केली. त्याला दाखवायला धर्मराजांनी बटण दाबत चित्र सरकवलं. ताट सोडून ते आज पहिल्यांदाच फोटोत इतरत्र बघत होते. मागच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचता येत होती. विमलबाईंच्या नथीतला एकेक मोती मोजता येत होता, पापण्यासुद्धा. पदराचा काठ, मागच्या भिंतीवरचा खिळा, सगळं लख्ख होतं. धूसर होतं ते फक्त ताट, आणि ते धरलेले विमलबाईंचे दोन्ही हात.