आठ सेकंद गॅस

टिग वेल्डिंग मशीनची आर्क, म्हणजे ठिणगी, विझल्यावरही गॅस आठ सेकंद चालू राहावा लागतो, नाहीतर तापलेला सांधा हवा लागून काळा पडतो आणि त्यात दूध नासतं. कोर्दोबाच्या कारखान्यात शाळांच्या दुधाची टाकी जोडताना वेल्डर नेलिदा गॅसचं बटण आठवर ठेवायची आणि फोरमन बाउतिस्ता ते रोज एकवर आणायचा.

"गॅस काय तुझ्या बापाचा आहे?"

"अहो, पोरं पिणार आहेत ह्यातलं दूध!"

"मग? पोरं काय टाकीत शिरून सांधे बघणार आहेत?"

नेलिदाला त्याची शिसारी आली.

शनिवारी त्याने घरची येर्बाच्या चहाची गळकी किटली तिच्यापुढे आपटली. बटण स्वतःच्या हाताने आठवर नेलं, जरा थांबला आणि दहावर केलं.

 

"नीट जोड हं नेलिदा, ह्यातलं मी पितो."