चांदीची डबी
उदगीरच्या कमलम्मांची बोटं संधिवातानं सुजायची, सकाळी वळायचीच नाहीत. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी सून शिवानी उघडून द्यायची. "माझ्या पूजेला दुसऱ्याचा हात!" म्हणून त्या चिडायच्या, पण औषध नकोच म्हणायच्या. विज्ञान शिकवणाऱ्या शिवानीनं एकदा समजावलं, "आत्याबाई, शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर तुटून पडल्यात. त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडतात." "म्हंजे भांडणारे लई, सोडवणारे थोडे. आपलंच घर की! अन् गोळी कुणाच्या बाजूची?" "सोडवणाऱ्यांच्या." "मग आण." तीन महिन्यांनंतर आज सकाळी कमलम्मांनी डबीच्या झाकणाला अंगठा लावला. सवयीनं शिवानीचा हात पुढे झाला, तेवढ्यात झाकण उघडलं. दोघी एकदमच हसल्या. कमलम्मांनी इष्टलिंग तळहातावर घेतलं, निवांत पूजा केली आणि खडीसाखर शिवानीच्या हातावर ठेवली. "बघत काय राहिलीस? शाळा न्हाई का तुला?"