पुढचं दार

आकाराम सुतार धुतलेलं धोतर नेसून नवी सून बघायला आला आणि हवालदारांच्या पुढच्या दाराशी येऊन थबकला. दार झोकात दिसत होतं. चिंचेनं घासलेली पितळी फुलं चकाकत होती, जुना कोयंडा जागच्या जागी बसला होता, वर आंब्याचं तोरण लागलं होतं. चौकटीत मधोमध उभा केलेला टेकू तेवढा कुठं दिसत नव्हता.

हे दार आठ वर्षं बंद होतं. कोयनेच्या भूकंपात वरची भिंत खचली, चौकट वाकली आणि दोन्ही फळ्या तिच्यात अशा आवळल्या गेल्या की चार गडी लावूनही हलल्या नाहीत. तेव्हापासून घरची माणसं, पैपाहुणे, सगळे गोठ्याकडनं ये-जा करत. पण थोरल्या जालिंदरचं लग्न ठरलं आणि लालासाहेब हवालदारांनी हट्टच धरला. सून काही शेणातनं घरात येणार नाही. आणि दारही नवं नको, आज्यानं बसवलं होतं तेच उघडलं पाहिजे.

"आवं, ह्ये आता दार ऱ्हायलंच न्हाई," आकारामनं ओळंबा सोडून दाखवलं होतं. "भिंतीचा सगळा भार ह्या फळ्यांनी धरलाय. फळ्या तासल्या की भिंत खाली यील. आदी वरची भिंत उतरवा, मग मी दार करून देतो."

"लगीन चार दिसांवर आलंय. भिंतीचं मागनं बघू. तुला जमत नसंल तर तसं सांग, कराडचा सुतार आणतो."

इथंच घात झाला. तीस वर्षं हातात रंधा धरलेल्या माणसासमोर कराडच्या सुताराचं नाव काढायचं नसतं. आकारामनं फळ्या काढून तासल्या, वर बोट जाईल एवढी फट ठेवून पुन्हा बसवल्या आणि चौकटीच्या वरच्या लाकडाखाली बाभळीचा जाडजूड टेकू ठोकला. दार उघडलं तेव्हा हवालदार लहान पोरासारखे चार वेळा आत-बाहेर करून आले.

"टेकू कुणी काडला?" आकारामनं आता विचारलं.

"मीच काडाय लावला." हवालदारांची बायको चंद्राबाई तांदळाचं माप घेऊन दारात उभी होती. "उंबऱ्यात खांब ठिवून जोडीनं कशी येतील ती? येक हिकडनं, येक तिकडनं?"

आकारामनं हात वर करून फटीत बोट घालून पाहिलं. बोट जाईना. नख गेलं.

"आक्का, माजं ऐका. सुनंला मागनं घ्या. हितनं नगा."

"चांगल्या येळंला असलं अभद्र बोलू ने, आकाराम." तिनं माप उंबऱ्यावर ठेवलं आणि आरतीचं ताट आणायला आत गेली.

आकाराम मागं परड्यात पळाला. टेकू सापडला, पण आचाऱ्यानं त्याची खांडं करून चुलीत सारली होती. दुसरं लाकूड शोधावं तर तेवढ्यात बँड सुरू झाला. कडेगावहून निघालेला वऱ्हाडाचा ट्रक दारात येऊन लागला होता.

त्यानं गर्दीतनं वाट काढत हवालदारांना गाठलं. त्यांचा फेटा कलला होता, डोळे पाणावले होते.

"हवालदार, भिंत उतराय लागलीया. घडीभर थांबवा समद्यांस्नी."

"गड्या, आठ वरसं उबी हाय ती. आजून घटकाभर न्हाई व्हय ऱ्हायाची?" आणि त्यांनी आकारामच्या पाठीवर थाप मारली.

जालिंदर आणि नवरी उंबऱ्याशी आले. पोरगी विशीचीसुद्धा नसेल. उन्हातनं ट्रकमधनं येऊन तिचा चेहरा लाल झाला होता. करवली बनुबाईनं हसत हसत एक फळी लोटून पक्की लावली आणि उरलेल्या वाटेत स्वतः आडवी उभी राहिली.

"नाव घे, वैनी. त्याबिगर आत सोडायची न्हाई."

नवरी काहीतरी पुटपुटली. बायका ओरडल्या, "मोट्यानं!" नवरीनं मान आणखीच खाली घातली. आकारामला स्वतःच्या हातांचा राग आला. फळ्या त्यानंच तासल्या होत्या, सगळं कळत असताना. तो बायकांच्या घोळक्यात घुसायला लागला तसा हवालदारांनी त्याचा दंड धरला.

"आरं, थांब की. बायकांचा मान हाय त्यो."

नवरीनं एकदाचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट घेतलं. एकच हशा उठला, जालिंदर लाजून जमिनीकडं बघायला लागला. जोडीला आत घ्यायला बनुबाई वळली आणि तिनं लावलेली फळी ओढली. फळी हलली नाही. तिनं कोयंडा दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. मग तिला हसू आवरेना.

"वैनी, दारबी अडून बसलंया गं! आनिक येक नाव घ्यावं लागतंय."

"पोरी, मागं सर!" आकाराम जिवाच्या आकांतानं ओरडला. बँडवाल्यांनी नेमका तेव्हाच नवा सूर धरला.

नवरीनं पदर सावरला, एक पाऊल पुढं टाकून उंबऱ्यावर ठेवलं आणि दुसरा उखाणा आठवत तिथंच उभी राहिली.