पकडणाऱ्याचं नाव

"त्या पाणथळात डासांशिवाय काही नाही," सर म्हणाले आणि खुर्चीत ऐसपैस टेकले. तिथे भराव घालून इमारती उठवायच्या की नाही, हे आजच्या सुनावणीत ठरायचं होतं. सर संग्रहालयाचे कीटकतज्ज्ञ. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शेवटच्या रांगेतून टाचणीबाई उठल्या. संग्रहालयात किडे टाचणीला टोचून पेट्या लावण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. खरं नाव तिथे कुणी विचारलंच नव्हतं. चपलांच्या ओल्या चिखलाचे ठसे फरशीवर उमटवत त्या पुढे गेल्या आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर काचेच्या झाकणाची पेटी ठेवली.

आत एकच माशी. पिवळे-काळे पट्टे. साहेबांनी चटकन हात मागे घेतला.

"चावते का?"

"छे हो! गांधीलमाशीचं नुसतं सोंग. हिला नांगीच नसते." बाईंनी एकदा सरांकडे पाहून घेतलं. "हवेत एका जागी तरंगते, बस्स. या जातीची ही पहिली माशी, हिच्याआधी कुणालाच सापडली नव्हती. खालची चिठ्ठी वाचा ना, साहेब. जरा मोठ्यानं."

साहेबांनी चष्मा सरकवला. "जागा, लव्हाळ्याचं पाणथळ. पकडणारा..." ते थांबले. "सर, हे तर तुमचं नाव. अक्षरही तुमचंच?"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वी बाईंसमोरच लिहिली गेली होती. गुडघाभर चिखल तुडवून, मच्छरदाणीच्या तुकड्याच्या जाळीत त्यांनी माशी धरून आणली, आणि सर पेन उघडत म्हणाले, "तुमचं नाव कशाला उगीच? एवढ्याशा चिठ्ठीत मावायला नको?" बाई हसल्या होत्या. घरी जाऊन मात्र एक पातेलं असं घासलं, की त्याचा तळ अजून चकाकतो.

"या सुनावणीसाठी दिलेल्या अहवालात तुम्ही लिहिलंय, अशी जात इथे कधीच सापडलेली नाही," साहेब म्हणाले. "मग खरं काय धरू? अहवाल की चिठ्ठी?"

"चिठ्ठी चुकली असेल हो," सर घाईनं म्हणाले. "मी त्या चिखलात आयुष्यात कधी पाय ठेवलेला नाही!"

कारकुनाचं पेन कागदावर खरखरत होतं.

"घेतलंत ना लिहून?" बाईंनी त्याला विचारलं. "शब्द न् शब्द?"

मग पिशवीतून औषधाची जुनी बाटली निघाली. गढूळ पाण्यात तीन अळ्या, शेपटीसारखी नळी वर काढून श्वास घेत असलेल्या.

"हिच्याच जातीची पोरं. आज सकाळी काढली, ही माशी मी धरली होती त्याच जागेवरून. त्या चिखलाबाहेर जगत नाहीत. चला, दाखवते."

साहेबांनी अहवाल मिटून बाजूला सारला. "भरावाचं काम थांबवा," ते कारकुनाला म्हणाले. "आणि पकडणाऱ्याचं नाव नीट लिहा. बाई, सांगा."

बाईंनी नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर टाचणीसारखं रोवत.

सर फाईल उचलून उठू लागले.

"बसा, सर," बाई म्हणाल्या. "अजून आडनाव राहिलंय."