नीट वाकडा

झाडूचा दांडा. तीन स्क्रू. अंडाकृती आरसा. चंद्र बघायला सहाला येणाऱ्या शाळेच्या बावीस मुली.

हर्षलाने घरी केलेल्या दुर्बिणीत डोकावून पाहिलं. नुसता काळोख.

“अण्णा, दांड्यावरचा आरसा कुणी सरळ केला?”

“मीच,” सासरे म्हणाले. “चाळीस वर्षं सुतारकी केली, वाकडं काही दाराबाहेर जाऊ दिलं नाही.”

“अहो, तो वाकडाच हवा! तरच चंद्राचा उजेड बाजूच्या भोकाकडे वळेल.”

अण्णा खजील झाले. पेचकस उचलून म्हणाले, “मग नीट वाकडा करू. किती?”

“पंचेचाळीस अंश.”

स्क्रू केसभर फिरवत ते भोकात बघत राहिले. एकदम ओरडले, “सूनबाई, माझाच डोळा दिसतोय, बरोब्बर मधोमध!”

“म्हणजे नजर तळाच्या मोठ्या आरशावर जाऊन परत आली. जमलं!” हर्षला हसली.

लग्न ठरवताना अण्णांची एकच अट होती: सून सरळ हवी.